बांधीतून बाहेर आलेला ट्रॅक्टर

गोंदिया जिल्ह्यातलं तिरोडा म्हटलं की जिल्ह्याबाहेरच्या माणसाला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आठवतो. गावाची यंत्रयुगातली ओळख आता तीच झाली आहे. पण मुंबई–हावडा रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना, पश्चिमेकडे वैनगंगेपर्यंत पसरलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये माणूस, जनावर आणि चिखल यांचं नातं ज्या यंत्रानं बदललं ते यापेक्षा फारच लहान होतं. पंचवीस-पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरांची पहिली पिढी आता संपत आली आहे. कुठे गोठ्यामागे, कुठे राइस मिलच्या आवारात, कुठे वेल्डिंगच्या दुकानासमोर चाकं काढलेली धडं उभी असतात आणि एक दिवस वजनावर विकली जातात. युरोप-अमेरिकेत जुने ट्रॅक्टर गोळा करणाऱ्यांचे मोठे मेळावे भरतात. आपल्याकडे तो छंद आता कुठे मूळ धरतो आहे, म्हणून काय जपायचं आणि कसं जपायचं याचा विचार आत्ताच व्हायला हवा. माझं म्हणणं असं की धानपट्ट्यातला जुना ट्रॅक्टर कारखान्यातून जसा निघाला तसा नवाकोरा करून ठेवू नये. तो बांधीतून जसा बाहेर आला तसाच, डाग, ठिगळं, केज व्हील आणि कागदपत्रांसकट ठेवावा.

हे म्हणणं पटवायचं तर आधी हे यंत्र मुळात कोणत्या जमिनीसाठी घडलं ते पाहिलं पाहिजे. अमेरिकेतल्या आयोवात जॉन फ्रोलिकनं १८९२ मध्ये पेट्रोलवर चालणारं ओढयंत्र बनवलं, १९१७ मध्ये हेन्री फोर्डच्या फोर्डसननं ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आणला. ही सगळी यंत्रं मोठ्या, कोरड्या, सपाट शेतांची होती. नांगर साखळीनं किंवा दांड्यानं मागे बांधलेला असे. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि कधी कधी तो चालकासकट मागे उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं यावर तोडगा काढला. त्यानं औजार तीन बिंदूंनी ट्रॅक्टरला जोडलं आणि हायड्रॉलिक लिफ्टनं ते वर-खाली होईल अशी सोय केली. औजाराचा भार मागच्या चाकांवर आल्यानं हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत त्याच्या टीई-२० या करड्या ट्रॅक्टरचे पाच लाखांहून अधिक नग निघाले. आपल्या दृष्टीनं या शोधातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लिफ्ट नसती तर लहानशा बांधीच्या कोपऱ्यात औजार उचलून ट्रॅक्टर वळवताच आला नसता. तिरोड्यातल्या बांधीचं दार ट्रॅक्टरला उघडलं ते इंजिनाच्या ताकदीनं कमी आणि या लिफ्टनं जास्त.

मात्र भारत सरकारनं ट्रॅक्टरकडे पाहायला सुरुवात केली तेव्हा धान कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली ती अमेरिकन सैन्यानं मागे सोडलेल्या ट्रॅक्टरांवर. तिचं मुख्य काम मध्य भारतातली कांस गवतानं व्यापलेली जमीन फोडणं हे होतं. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेही मुख्यतः याच कामासाठी. बँकेनं भारताला दिलेलं ते दुसरंच कर्ज, पहिलं रेल्वेसाठी होतं. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता. म्हणजे राज्य ज्या ट्रॅक्टरांना ओळखत होतं ते गवताची खोल मुळं उपटणारे पट्ट्यांच्या चाकांचे अवजड ट्रॅक्टर होते. वैनगंगेकाठच्या बांध्यांत त्यांना काही काम नव्हतं. १९५१ मध्ये देशभरात सगळे मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते, १९६१ मध्ये ३१ हजार. त्याच १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव' हे नाव रुळलं, पण तलावाखालच्या बांधीत चिखलणी करायला तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं हल्याच, म्हणजे रेडाच, होता.

देशी कारखान्यांचा काळ सुरू झाला १९५९ पासून. या काळातली एक गोष्ट विदर्भानं विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं ते भारत कृषक समाजाच्या पुढाकारानं, आणि त्या समाजाचे धुरीण होते डॉ. पंजाबराव देशमुख. त्याच वर्षी फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर जोडला जाऊ लागला. तो मूळचा बव्हेरियातला. मद्रासच्या टॅफेनं मॅसी फर्ग्युसन आणला, म्हणजे फर्ग्युसनचाच वंश. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. तो ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा नमुना. आज शोरूममध्ये जो '२७५ डीआय' मिळतो त्याच्या नावातला आकडा तिथून आलेला आहे. एस्कॉर्ट्सनं आधी पोलंडच्या उर्ससचा आणि मग फोर्डचा हात धरला, पिंजोरला १९७१ मध्ये एचएमटीनं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा. १९७४ मध्ये स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झालेला होता. त्या स्वराजची इंजिनं बनवण्यासाठी १९८५ मध्ये जी वेगळी कंपनी निघाली तिच्यात पंजाब ट्रॅक्टर्सच्या जोडीला पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स होती. त्या दिवसांत ट्रॅक्टर घ्यायचा तर पैसे असून भागत नसे. नाव नोंदवायचं आणि क्रम येईपर्यंत थांबायचं. वितरण आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेशच १९७१ मध्ये निघाला होता. रांगेत थांबून मिळालेल्या वस्तूला माणूस कसा वागवतो हे वेगळं सांगायला नको. तो ती टाकत नाही, दुरुस्त करत राहतो.

आता बांधीकडे येऊ. धानाची चिखलणी ही साधी नांगरट नव्हे. पाणी भरलेल्या बांधीत माती इतकी घुसळायची की तिचा लोण्यासारखा गाळ व्हावा, खाली पाणी न झिरपणारा थर बसावा आणि वर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला मऊ चिखल राहावा. ट्रॅक्टरला याहून प्रतिकूल जागा दुसरी नाही. रबरी टायर गाळात नुसतं फिरतं, खणत खाली जातं आणि ट्रॅक्टर पोटावर बसतो. यावर उपाय आला केज व्हीलचा. लोखंडी पट्ट्यांचं, पिंजऱ्यासारखं, टायरच्या बाजूला किंवा टायर काढून त्या जागी लावायचं चाक. ते भार पसरवतं, पकड देतं आणि स्वतःच चिखल घुसळतं. केज व्हील हे गावाच्या वर्कशॉपचं काम. पट्टी किती रुंद, किती तिरकी, कडं किती व्यासाचं, हे लोहार आणि वेल्डर जमिनीचा पोत पाहून ठरवत. रेताड मातीला एक आणि चिकट कन्हाराला दुसरं. हीच चाकं डांबरी रस्त्यावर आली की रस्ता उकरतात, म्हणून दर पावसाळ्यात इशारे निघतात. त्यातूनही हे चाक किती घरोघर पोचलं आहे ते समजतं.

यंत्रानं जमिनीपुढे मान तुकवली तशी जमिनीनंही यंत्रापुढे तुकवली. ट्रॅक्टर आत जावा म्हणून धुरे फोडावे लागले, दोन बांध्यांची एक झाली. कोपरे सुटत, ते फावड्यानं किंवा बैलानं पुरे करावे लागत. चिखलाचं पाणी हबमध्ये, ब्रेकमध्ये, क्लचच्या घरात शिरे. ऑइल सील आणि पुढच्या चाकांच्या बेअरिंगा कोरडवाहू भागातल्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर जात. रिम आतून गंजे, तिला पत्र्याचं ठिगळ लागे. इथेच आयशरच्या लहान एक-सिलिंडर इंजिनाचा फायदा कळतो. ते हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही, त्यामुळे तणसाच्या काड्यांनी जाळी तुंबण्याची भीती नाही आणि एकच सिलिंडर असल्यानं गावातला मिस्त्रीही ते उघडू शकतो. खरिपाच्या चिखलणीनंतर तेच इंजिन मळणीयंत्र फिरवी, पंप ओढी, ट्रॉलीतून मिलवर धान नेई. पुढे धापेवाड्यासारख्या उपसा सिंचन योजनांनी आणि बोदलकसा-चोरखमाऱ्यासारख्या तलावांच्या पाण्यानं उन्हाळी धान वाढलं तेव्हा एका पिकाची कापणी आणि दुसऱ्याची रोवणी यांतले दिवस कमी झाले. हल्याच्या चालीनं ते काम वेळेत होणं कठीण झालं आणि ट्रॅक्टर चैनीतून गरजेत आला. मग रोटाव्हेटर आला. आज तिरोड्यात चिखलणी म्हणजे बहुतेकदा तोच. पण मधला जो काळ, तीन बिंदूंच्या लिफ्टला जोडलेला नांगर आणि गावठी केज व्हील यांचा, त्याची साक्ष देणारे ट्रॅक्टर फार उरलेले नाहीत.

म्हणूनच रंगरंगोटीला माझा विरोध आहे. संग्राहक ट्रॅक्टर आणतो, खरवडतो, मूळ रंगाचा डबा शोधतो, ठिगळ लावलेली रिम काढून नवी बसवतो, मडगार्डवर वेल्ड केलेली पेटी कापून टाकतो, घरी केलेला हूक फेकतो. शेवटी जे उभं राहतं ते कॅटलॉगमधल्या चित्रासारखं असतं. पण कॅटलॉग तर छापलेला आहेच. कारखान्यातून निघालेला बी-२७५ कसा दिसे हे ब्रॅडफर्डच्या कागदांतून कुणालाही कळेल. तिरोड्याच्या बांधीत वीस वर्षं राबलेला बी-२७५ कसा दिसे हे मात्र फक्त त्या लोखंडावर लिहिलेलं आहे, आणि ग्राइंडर फिरला की ते पुसलं जातं. यावर संग्राहक म्हणतील की मूळ रूप हीच साऱ्या जगाची कसोटी आहे. तसं पूर्णपणे नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक्टरप्रेमींतही 'कामाच्या कपड्यांतला' ट्रॅक्टर तसाच ठेवणारा मोठा वर्ग आहे. तिथे तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे, इथे मात्र गरजेचा, कारण गावच्या यंत्रशाळांची नोंद कोणत्याही वहीत नाही. गंज थांबवावा, इंजिन फिरतं ठेवावं, तेलपाणी करावं. त्यापुढे हात आवरावा.

कायद्याची गोष्ट याहून निराशाजनक आहे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ रूपात ठेवलेलं वाहन वेगळ्या नोंदणीनं जपता येतं. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण ही तरतूद दुचाकींसाठी आणि खासगी वापराच्या चारचाकी प्रवासी गाड्यांसाठी आहे. ट्रॅक्टर त्या वर्गांत बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाच्या तबेल्यातली मोटार वारसा ठरते आणि देशाचं धान्य पिकवणारा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर फक्त मुदत संपलेलं वाहन. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याला शंभर वर्षं वय लागतं, तिथेही त्याची पाळी यायला दशकं आहेत. या व्हिंटेज तरतुदीत शेतीच्या ट्रॅक्टरांचा वर्ग जोडला गेला पाहिजे, आणि त्याच्यासाठी 'मूळ रूप' या अटीचा अर्थही शेतातल्या फेरफारांना जागा देणारा हवा.

लोखंडाइतकेच कागद महत्त्वाचे आहेत, आणि त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षच नाही. तीन अक्षरं आणि चार आकडे अशी जुनी नंबरप्लेट दिसली तर समजावं की नोंदणी १९८९ च्या आधीची, कारण नवी पद्धत त्या वर्षी आली. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, पितळी पाटीवरचं कारखान्याचं गाव ही यंत्राची जन्मपत्रिका. पण गावातला त्याचा इतिहास सातबाऱ्यात असतो. ट्रॅक्टर बहुधा कर्जावर येई, जमीन तारण राही आणि इतर हक्कात बोजा चढे. कोणत्या वर्षी, किती रकमेचा, कधी उतरला, हे फेरफारात सापडतं. या कर्जांत भूविकास बँकेचा वाटा मोठा होता. ती बँक अवसायनात गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तिच्या ३४ हजारांहून अधिक कर्जदारांचं सुमारे ९६४ कोटी रुपयांचं कर्ज माफ करायचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं हे उत्तमच झालं. पण सातबारा कोरा होतो तेव्हा यंत्रयुगाच्या खर्चाची एक नोंदही डोळ्यांआड जाते, आणि ती उतरवून ठेवणं कुणाचंच काम नसतं.

एक आक्षेप असा येतो की ट्रॅक्टर परका आहे. आपला वारसा बैल, नांगर, वखर, खासर. पोळा बैलाचा असतो, ट्रॅक्टरचा नाही. यातली भावना मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. लोखंडी नांगरही एकदा परकाच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पहिले काही नांगर खपायलाच मोठा काळ गेला. आज तोच नांगर मराठी उद्योगाच्या इतिहासातलं पहिलं पान मानला जातो. शिवाय दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालून हळदकुंकू वाहिलं जातंच. आपली वस्तू ठरवण्याची लोकांची रीत ही आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. ट्रॅक्टरनं सालदाराचं काम घेतलं, हल्ये आणि बैल गोठ्यातून घालवले, कर्जाचा फास आणला, चाकांच्या दाबानं जमीन घट्ट केली. मग त्याचा गौरव कशाला? यात आणखी एक गोष्ट मी स्वतः जोडेन. ट्रॅक्टरनं पुरुषाचं आणि जनावराचं काम हलकं केलं. रोवणी मात्र बायकांच्या हाती, गुडघाभर चिखलात कंबर वाकवून, तशीच राहिली. नांगरट आणि चिखलणी इंजिनावर गेली तरी रोप लावणारा हात अजून बहुतेक ठिकाणी हातच आहे. पण हे सगळं पुढच्या पिढीला दाखवायचं कशावरून? ज्या वस्तूनं बदल घडवला ती वस्तूच समोर नसेल तर नफातोट्याचा हिशेब कशाच्या आधारानं मांडायचा? जपणं म्हणजे गौरव असं मी मानत नाही. ट्रॅक्टरशेजारी हल्याचं जू, वाकलेल्या रोवणीचं छायाचित्र आणि बोजाची नक्कल ठेवा. मग तो ट्रॅक्टर पुरावा होतो.

राहिला पैशाचा प्रश्न. दीड-पावणेदोन टन लोखंड, भंगारवाला रोख देतो, आणि घरात लग्न किंवा दवाखाना निघालेला असतो. अशा वेळी शेतकऱ्यानं इतिहासासाठी ते ठेवावं असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण प्रत्येक ट्रॅक्टर वाचवायचा नाहीच. एका तालुक्याला चार-पाच यंत्रं पुरेत, वेगवेगळ्या कारखान्यांची आणि वेगवेगळ्या मातीत राबलेली. त्यांना वातानुकूलित इमारत लागत नाही, छप्पर आणि महिन्यातून एकदा इंजिन फिरवणारा माणूस लागतो. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम असतो. शिकणाऱ्या मुलांना जुन्या इंजिनासारखा गुरू नाही, कारण त्यात काहीच झाकलेलं नसतं. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे आणि अडकित्ते गोळा केले तेव्हाही त्या घराघरांतल्या, टाकाऊ मानलेल्या वस्तूच होत्या, आणि आज त्यांचं संग्रहालय राज्याचं आहे. पंजाबात एचएमटी ५९११ ला पुन्हा मान मिळाला तो तर संग्रहालयाशिवायच. गायक सिद्धू मूसेवालानं आपल्या गाण्यांच्या कंपनीला त्या ट्रॅक्टरचा आकडा दिला आणि जुन्या यंत्राकडे तरुण वळून पाहू लागले.

धानपट्ट्यात एचएमटी या तीन अक्षरांना अजून एक अर्थ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडपद्धतीनं तयार केलेल्या बारीक धानाला एचएमटी घड्याळावरून नाव पडलं. त्याच कंपनीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. धान टिकलं, कारण शेतकरी दर वर्षी ते पेरतो. ट्रॅक्टर पेरून उगवत नाही.

भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत मंडया भरतात. हलकं धान कापून झालेलं असतं, पाहुणे आलेले असतात, दंडार आणि नाटकं रात्रभर चालतात. तिरोड्यातल्या एखाद्या मंडईत या वर्षी मैदानाच्या कडेला दोन जुने ट्रॅक्टर, न रंगवलेले, केज व्हील लावलेले, उभे करता येतील. ते कोणी चालवले, कोणी दुरुस्त केले, हे सांगणारी माणसं तिथेच गर्दीत असतील. आणि ज्यांच्या गोठ्यामागे असं धड पडलेलं आहे त्यांना एवढीच विनंती: भंगारवाल्याचा ट्रक येण्याआधी पाटीवरचा चिखल पुसा, चासी आणि इंजिनाचा क्रमांक वहीत उतरवा, चारही बाजूंनी फोटो काढा, आरसी बुकाची आणि फेरफाराची झेरॉक्स काढून ठेवा, आणि ज्या मिस्त्रीनं त्याची केज व्हील बनवली त्याचं नाव त्या वहीत लिहा.